आक्काने आधीच मानलेले आभार

आक्का गेल्याचा निरोप घेऊन शेवंता शाळेत आली तेव्हा मी चौथीच्या मुलींना भूगोल शिकवत होते. शेवंता ही आक्काची शेजारीण. कसबा बावड्यातल्या चाळीत भिंतीला भिंत लावून राहणारी. नवरा साखर कारखान्यात बॉयलरवर. बावड्यापासून चालतच आली होती. पदराने तोंड पुसत दारात उभी राहिली आणि वर्गात शिरावं की नाही हे न कळून तिथूनच म्हणाली, "बाई, तुमच्या आक्का गेल्या. सकाळी हाक मारली तर ओ न्हाय..." मुली माझ्या तोंडाकडे बघू लागल्या. मी खडू ठेवला, हात झटकले. अशा वेळी माणूस बधिर होतो म्हणतात. मी झाले नाही. मला राग आला. टांग्यात बसल्यावरही मी रडत नव्हते, देवाशी भांडत होते. रूथ, आक्काची एकुलती एक लेक, पुढच्या आठवड्यात यायची होती. आईच्या घरी राहायला म्हणून कित्येक वर्षांत पहिल्यांदा. एवढी वर्षं थांबवलंस आक्काला, आणखी एक आठवडा ठेवलं असतंस तर तुझं काय जाणार होतं?

त्याला आता काही आठवडे झाले. राग गेलेला नाही, तो नुसता बसला आहे. गेलेल्या माणसाबद्दल लिहायला घेतलं की ते माणूस आपोआप संत होतं, म्हणून आधीच सांगते, आक्का संत नव्हती. हट्टी होती. भाजीवालीशी हुज्जत घालायची आणि मग तिलाच चहा पाजायची. आमची आई लवकर गेली, तेव्हा माझ्याहून बरीच मोठी असलेल्या या बहिणीने मला वाढवलं. वेणी अशी आवळून घालायची की दिवसभर माझे डोळे वर ओढलेले असायचे. लग्न होऊन ती मिशनच्या कंपाउंडात राहायला गेली. दाजी तिथल्या दवाखान्यात कंपाउंडर होते. बाटल्यांवर कागदाच्या खुणा चिकटवणारा, बोलायला अगदी कमी आणि गायनात बेसूर असा तो माणूस. दवाखान्यामागच्या ओळीत त्यांना दोन खोल्या होत्या. पुढे शेवग्याचं झाड, मागे न्हाणी. दोन मुलं हातची गेल्यावर रूथ झाली. त्या दोन खोल्यांत आक्का जितकी सुखी होती तितकी सुखी बाई मी पुन्हा पाहिली नाही. हे मी आज जाणून लिहिते आहे. तेव्हा मला ती फक्त वेणी आवळणारी बहीण वाटायची.

संस्थान विलीन झालं त्या सुमाराची ही गोष्ट. कोल्हापुरात सगळ्यांनाच पायाखाली काहीतरी हललं असं वाटत होतं, पण आमच्या कंपाउंडात ते जास्तच जाणवत होतं. साहेब आणि मिससाहेब एकेक करून बोटीची तिकिटं काढत होते. बंगल्यांतली कपाटं, खुर्च्या, पाळणे अंगणात विकायला मांडलेले असत. दवाखाना बंद होणार, जमीन थोडी विकणार, थोडी इथल्या मंडळीकडे सोपवणार, असं रोज नवं कानावर यायचं. मंडळी म्हणजे आमच्या देवळात उपासनेला जमणारी माणसं. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. याच धामधुमीत दाजींना विषमज्वर झाला. आयुष्यभर दुसऱ्यांची औषधं ढवळलेल्या त्या माणसाला कुठलंही औषध लागू पडलं नाही. त्यांना माती देऊन आम्ही परत आलो तेव्हा आक्का ओसरीवर बसून म्हणाली, "खोल्या नोकरीच्या हायत. नोकरी तर गेली." रडणं तिने नंतरसाठी ठेवलं होतं. आधी तिला रूथची काळजी पडली.

त्या ओळीची जमीन विकलेल्या भागात गेली होती. उन्हाळा संपायच्या आत खोल्या रिकाम्या करायच्या होत्या. मंडळीच्या वाट्याला आलेल्या बाजूला निराधारांसाठी ठेवलेल्या काही खोल्यांपैकी एकच उरली होती, आणि ती द्यायची कुणाला हे मंडळीचे वडील, म्हणजे निवडलेले पंच, ठरवणार होते. आक्का एक. दुसरे एक म्हातारे सुवार्तिक, म्हणजे गावोगाव ख्रिस्ताची सुवार्ता सांगत फिरलेले, त्यांच्या बायकोचं अर्धं अंग लुळं पडलेलं. दोघांची गरज खरी. वडील आठवडेच्या आठवडे घोळ घालत बसले. मी तेव्हा शिक्षिकेचं ट्रेनिंग घेत होते, वसतिगृहात राहत होते, तिथे स्वतःच्या ट्रंकेलाही जागा मागून घ्यावी लागे. आमचे बाबा हयात नव्हते, भाऊ नव्हता. म्हणजे ती एक खोली मिळाली तर लेक आक्काजवळ राहणार होती, आणि नाही मिळाली तर काय, हे आम्ही दोघीही बोलत नव्हतो.

अशात बाहेरगावचा एक प्रवचनकार आला. चांगला उंचापुरा, पांढरे कपडे, आवाज असा की मागच्या बाकावरची मुलंही गप्प व्हायची. त्याने सांगितलं, देवाजवळ एकदा मागितलं की ते मिळालंच असं धरून चाला. पुन्हा पुन्हा मागणं हा अविश्वास आहे. मिळायच्या आधी जो आभार मानतो त्याचाच विश्वास खरा. त्याने दोन दिवस पाहुणचार घेतला आणि तो पुढच्या गावी गेला. त्याचं नाव मला आठवतं, पण ते मी इथे लिहिणार नाही. माणूस खोटा नव्हता, फक्त त्याला घर होतं.

आमच्या उपासनेत साक्षीची एक वेळ असते. देवाने ज्याला काही दिलं असेल त्याने उभं राहून मंडळीपुढे सांगायचं. कुणाचा मुलगा पास झालेला असतो, कुणाची हरवलेली म्हैस सापडलेली असते, एखादी म्हातारी दर महिन्याला तेच दुखणं बरं झाल्याचं सांगते. न झालेल्या गोष्टीची साक्ष मात्र तोवर आमच्याकडे कुणी दिलेली नव्हती. त्या रविवारी आक्का माझ्या शेजारून उठली. दोन दिवसांचा उपास होता तिचा, बाकाचा कठडा धरून उभी राहिली. "देवानं मला आन माझ्या लेकीला घर दिलं," ती म्हणाली. "त्याचे आभार मानते." देवळात सगळीकडून आमेन. बायकांनी डोळे पुसले. उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांचा चेहरा उजळला. मला वाटलं, मंडळीच्या वडिलांनी हिला आतून काही कळवलं असेल. बाहेर पडल्यावर मी विचारलं, कुठलं घर गं? तिने माझा हात दाबला आणि विचारू नको म्हणाली. ज्या बायका अभिनंदन करायला आल्या त्यांनाही तिने एवढंच सांगितलं की देव भला आहे. पत्ता सांगणं किंवा अजून मिळायचं आहे म्हणणं, म्हणजे मानलेले आभार परत घेणं.

त्याच दुपारी वडिलांची बैठक बसली. आठवडे घोळलेला प्रश्न मिनिटात सुटला. आक्काला घर मिळालंच आहे, तिनेच देवळात सांगितलं. उरलेली खोली सुवार्तिकांना. नंतर पाळकसाहेब मला म्हणाले की आम्ही तर ते प्रार्थनेचं उत्तर समजून उठलो, गुडघे टेकून आभारही मानले. त्यांच्यावर मी काय रागावणार? देवळात, वेदीसमोर, शहाण्या बाईने सांगितलेलं खरं मानायचं नाही तर काय मानायचं?

सोमवारी सुवार्तिकांचं सामान घेऊन बैलगाडी आली. आक्काने ते पाहिलं आणि तिला सगळं कळलं. तरी ती गेली, त्या लुळ्या म्हातारीला एका बाजूने आधार देऊन तिने आत नेलं, त्यांची घागर भरून दिली. मी संध्याकाळी गेले तेव्हा ती तांदूळ निवडत होती. मी म्हणाले, उठ, आत्ताच्या आत्ता पाळकसाहेबांकडे जाऊ, झालं ते सांगू. तिने सुपातून मान वर केली नाही.

"काय सांगू? देवानं दिलं न्हाय, म्हणून सांगू?"

"दिलं नाहीच की."

"मग मी देवळात उभी राहून खोटं बोलले, न्हाय तर देव खोटा. ह्यातलं एक मी माझ्या तोंडानं म्हणायचं, असंच ना?" सूप खाली ठेवून तिने निवडलेले खडे दाराबाहेर टाकले. "अजून दिवस हायत," ती म्हणाली. "दुसरं कुठलं तरी असंल."

शेवटी मीच गेले. पाळकसाहेबांनी डोकं धरलं. पण म्हातारीला पुन्हा उचलून बाहेर काढायची कुणी? आणि काढली असती तरी आक्का त्या खोलीत पाऊल टाकणार नव्हती, हे मला ठाऊक होतं. तिच्या त्या दिवसांची आठवण आजही माझ्या छातीवर बसते. बोचकी बांधलेली, चूल पुसलेली, आणि एका बोचक्यावर रस्त्याकडे तोंड करून आक्का. टांग्याच्या घुंगरांचा आवाज आला की ती अर्धी उठायची. देव कुणाला तरी पाठवणार होता, कुणीतरी येऊन म्हणणार होतं की चला, तुमचं घर तयार आहे. रूथ तेव्हा दहा-अकरा वर्षांची. ती विचारायची, "आई, आपण कुठं जायाचं?" आक्का सांगायची, देवानं दिलेल्या घरात. "कुठं हाय ते?" यावर आक्का तिचे केस विंचरायला घ्यायची. एकदा विंचरलेले केस पुन्हा, आणि पुन्हा... मी ओसरीवर बसून हे पाहायची आणि मला त्या प्रवचनकाराचा गळा धरावासा वाटायचा.

कुणी आलं नाही. आला तो जमीन घेणाऱ्याचा माणूस, कुलूप घेऊन. बिचारा भला होता, बोचकी उचलायला हात लावत म्हणाला, "बाई, माझा काय विलाज न्हाय." पाळकसाहेबांनी धावपळ करून दोन सोयी लावल्या. रूथला मिरजेच्या बाजूच्या एका बोर्डिंगात घातलं, आणि आक्काला शाहूपुरीत एका वकिलाच्या बंगल्यावर आया म्हणून ठेवलं. राहायला जिन्याखालची जागा. अट एकच, पोरगी आणायची नाही. वर्षभराचा प्रश्न आहे, सगळेच म्हणाले. वर्षं अशीच जात असतात, एकेक वर्ष म्हणून.

सुट्टीत बोर्डिंगातल्या मुली घरी जायच्या, रूथ मेट्रनबाईंबरोबर राहायची. महिन्यातून एखाद्या रविवारी ती सकाळच्या गाडीने कोल्हापुरात यायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायची. आक्का तिला घेऊन देवळात जायची नाही. लोक विचारतील, आणि काय सांगायचं? ती दोघींचा डबा घेऊन स्टेशनवरच थांबायची. तिसऱ्या वर्गाच्या मुसाफिरखान्यात एका कोपऱ्यातल्या बाकावर त्यांचं दिवसभराचं घर. तिथेच जेवण, तिथेच वेणीफणी, तिथेच रूथने आईच्या मांडीवर डोकं ठेवून निजायचं आणि गाडीच्या शिटीने दचकून उठायचं. मी कधीकधी जायची. एकदा एक हमाल येऊन म्हणाला, "मावशी, गाडी गेली की तुमची." आक्का शांतपणे म्हणाली, "आमची सांजची हाय." तो बिचारा ओशाळून निघून गेला. पुढे सगळे हमाल ओळखायला लागले, बाक रिकामा ठेवायला लागले. हे मला त्या वेळी कौतुकाचं वाटलं होतं. आता वाटतं, बाक ओळखीचा होण्याइतकी वर्षं गेली.

देवळात आक्का येत राहिली, पण साक्षीची वेळ झाली की मान खाली घालून पदराचा काठ बोटाला गुंडाळत बसायची. त्या प्रवचनकाराचे इथले चाहते दबक्या आवाजात बोलायचे की हिचाच विश्वास कुठेतरी कमी पडला. ते तिच्या कानावर गेलं आणि, सगळ्यात वाईट म्हणजे, तिला ते पटलं. कित्येक वर्षं ती स्वतःलाच तपासत राहिली, त्या रविवारी उभी राहताना आपल्या मनात कणभर शंका होती का? असेल तर त्या कणापायी आपण लेक घालवली. एकदा रूथची गाडी हलल्यावर रिकाम्या फलाटावर आम्ही दोघी उभ्या होतो. मी चिडूनच विचारलं, तुझा अजून विश्वास आहे का गं देवावर? ती रुळांकडे बघत राहिली.

"त्याला मी तोंडघशी पाडलं, न्हाय तर त्यानं मला. कुणी कुणाला पाडलं ते आता मला कळंना झालंय," ती म्हणाली. मग डब्याची पिशवी खांद्याला लावत, "विश्वास म्हंजे काय तेबी कळंना. दुसरीकडं कुठं जायाला जागा न्हाय, म्हणून त्याच्या दारात हाय. हाकललं न्हाय अजून."

मी शाळेत बायबलचे धडे शिकवलेली बाई. देवावर भार टाका, तो वाट दाखवतो, असं आपण किती सहज म्हणतो. आक्काने टाकला होता भार. सगळा टाकला, काही हातचं राखलं नाही. आणि तरी... पुढचं मला माहीत नाही. माहीत असल्यासारखं मी लिहिणार नाही.

माझं लग्न झालं, मी चल म्हटलं, ती आली नाही. रूथ तोवर नर्सिंगला गेली होती, तिथलं वसतिगृह, तिथले नियम. माझ्याकडे आलीस तरी ती कुठे येणार आहे, असं आक्काने मलाच विचारलं. पुढे रूथला खानदेशातल्या एका इस्पितळात नोकरी लागली. इतकी लांब, की आता रविवारची गाडीही संपली. वकिलांचं कुटुंब मुंबईला गेलं तेव्हा आक्काने पहिल्यांदाच स्वतःसाठी जागा शोधली. बावड्यात उसाच्या शेताच्या कडेला एका पाटलांनी नवी चाळ बांधली होती, तिथली शेवटची खोली. कारखान्याचं गळीत सुरू झालं की मळीचा वास घरात यायचा, पण खिडकी होती, दाराला आतून कडी होती. ती कडी लावून आक्का पहिल्या दिवशी किती तरी वेळ नुसती बसून होती, असं खिडकीतून पाहिलेली शेवंता सांगते.

रूथचं कार्ड आलं, रजा मंजूर झाली, येते. आक्काने ते मला वाचायला दिलं, पण स्वतःच्या तोंडाने एक शब्द काढला नाही. तिने दुसरी गादी भरून घेतली, भिंतीला आरसा लावला, रूथच्या साड्यांसाठी दोरी बांधली. शेवंता रोज विचारायची, लेक कधी यायची. आक्काचं उत्तर एकच, "आली की कळंल." शेवंताला वाटायचं, मायलेकींचं काही बिनसलं आहे. मला माहीत होतं की आक्का जीव मुठीत धरून बसली आहे. येणार हा शब्दसुद्धा तिने पुन्हा देवाच्या कानावर घातला नाही, घातला आणि तो परत हिसकावला गेला तर? आनंद झाला होता, तो दिसत होता. भाकरी थापताना ती गुणगुणायची आणि मी आले की थांबायची. मग तिला ताप आला. दोन दिवसांचा साधा ताप म्हणून आम्ही सगळ्यांनीच सोडून दिला.

तार वेळेवर पोचली, पण खानदेशातून गाड्या बदलत येईपर्यंत माती देऊन झाली होती. रूथ दुसऱ्या दिवशी सकाळी आली. उंच झाली आहे, दाजींसारखी कमी बोलते. आम्ही आधी कबरस्थानात गेलो. ती ओल्या मातीकडे बघत उभी राहिली, तिथे रडली नाही. मग मी तिला बावड्याला आणलं. आपल्या आईच्या घराचा पत्ता ती मला विचारत होती, डावीकडे की उजवीकडे म्हणून. खोलीत आल्यावर तिने आरसा पाहिला, दोरी पाहिली, दुसऱ्या गादीवर हात ठेवून ती कुणाची म्हणून विचारलं. मी सांगितलं, तुझी. मग मात्र ती बसली आणि रडली. किती वेळ, मी मोजलं नाही. थोड्या वेळाने परक्या घरात विचारावं तसं तिने विचारलं, "मावशी, मी जरा पडू का इथं?"

ती खोली मी अजून सोडलेली नाही. पाटील चांगले आहेत, त्यांनी विषय काढला नाही. शनिवारी शाळा सुटली की मी जाते, कडी काढते, झाडते, खिडकी उघडून बसते. देवाशी माझं भांडण तिथेच चालतं. तो काही बोलत नाही आणि मीही उठून जात नाही. रूथ रजा संपल्यावर गेली, पुन्हा येईन म्हणाली आहे. पण मला ती खोली आठवते ती त्या दुपारची. मी उंबऱ्यावर बसले होते. आत रूथ झोपली होती. वसतिगृहांत घंटेवर उठायला शिकलेली, सरळ रेषेत झोपणारी ती मुलगी, पण त्या दुपारी तोंड उघडं टाकून, एक पाय गादीबाहेर, केस मोकळे सोडून झोपली होती. पाटलांच्या उसाला पाणी पाजून शेवंता बांधावरून परत आली. अंगणापलीकडूनच तिने हाक दिली.

"बाई, आक्कांची लेक आली व्हय?"

"आली," मी म्हणाले.

"कुठं हाय मग?"

मी मागे वळून पाहिलं. हे उत्तर द्यायचा मान माझा नव्हता. ज्या बाईचा होता तिला आम्ही कालच माती दिली होती. पण शेवंता उभी होती, तिला कुणीतरी सांगायला हवं होतं.

"घरात हाय," मी म्हणाले. "झोपलीया."